उपदेशक शेतकऱ्याचे घराणे
पेनसिल्व्हेनियाचा मळा विकून कॅन्ससचा माळ फोडणाऱ्या जेकब आयझेनहॉवर यांची आणि त्यांच्या लेकरा-नातवंडांची हकिकत

घराण्याची हकिकत सांगायची म्हटली की आपल्याकडे सुरुवात पणजोबापासून होते. माळ कोणी फोडला, पहिली विहीर कोणी पाडली, जमीन कोणाच्या काळात गहाण पडली आणि कोणाच्या काळात सुटली, याच खुणांवर शेतकऱ्याच्या घरचा इतिहास उभा असतो. साता समुद्रापलीकडच्या शेतकऱ्यांच्या घरीही याहून वेगळे काही नसते. आज अशाच एका घराण्याची ओळख करून घेऊ. या घरातला एक नातू पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला, म्हणून त्याचे नाव जगाला ठाऊक आहे. त्याच्या आजोबांचे नाव मात्र फारसे कोणाला माहीत नाही. खरे पाहता घराण्याचा पाया घातला तो आजोबांनीच. त्यांचे नाव जेकब आयझेनहॉवर. सहा दिवस ते नांगर धरीत आणि सातव्या दिवशी धर्मोपदेश करीत.

विणकराचा मुलगा

हे घराणे मूळचे जर्मनीचे. हान्स निकोलस आयझेनहाउअर नावाचा त्यांचा पूर्वज १७४१ साली जहाजाने फिलाडेल्फिया बंदरात उतरला. आडनावाचा अर्थ लोखंडावर घाव घालणारा असा होतो, म्हणजे आपल्याकडच्या लोहारासारखेच ते नाव. वंशजांनी मात्र अमेरिकेत शेतीच धरली. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या सुपीक खोऱ्यांत ते हळूहळू स्थिरावले. जेकबचे वडील फ्रेडरिक शेती करीत आणि जोडीला विणकामही करीत. आई बार्बरा मिलर हिच्या माहेरचे लोक ‘रिव्हर ब्रेदरन’ म्हणजे ‘नदीकाठचे बंधू’ या पंथाचे होते. तिच्यामुळे तो पंथ या घरात आला आणि पुढे घराची ओळखच बनला. जेकबचा जन्म १८२६ सालचा, गाव एलिझाबेथव्हिल.

हे नदीकाठचे बंधू म्हणजे कोण? अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सस्क्वेहॅना नदीच्या काठी राहणाऱ्या जर्मन शेतकऱ्यांमधून हा लहानसा ख्रिस्ती पंथ निघाला. वाहत्या पाण्यात तीन वेळा बुडवून बाप्तिस्मा द्यायचा, एकमेकांचे पाय धुवायचे, मग सगळ्यांनी एका पंगतीला बसून प्रीतिभोज करायचा, अशी त्यांची रीत होती. पोशाख साधा. पुरुष दाढी राखीत, बायका डोक्यावर साधी टोपी घालीत. शपथ घ्यायची नाही आणि हाती शस्त्र धरायचे नाही, हे दोन नियम पक्के. पगारी धर्मगुरू त्यांच्यात नव्हता. मंडळीच आपल्यातल्या भरवशाच्या शेतकऱ्यांतून उपदेशक निवडी. त्याला मानधन नसे, उलट घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांचा खर्च त्याच्याच अंगावर पडे. आपल्याकडे गावातला माळकरी शेतकरी एकादशीला कीर्तनाला उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी औताला जातो, तसाच हा प्रकार.

‘ब्रेदरन’ हे नाव आपल्याकडे डहाणूच्या बाजूच्या लोकांना ऐकून माहीत असेल. तिथे दवाखाना चालवणारे मिशन ‘चर्च ऑफ द ब्रेदरन’ या दुसऱ्या शाखेचे होते. दोन्ही शाखांची नाळ जर्मन शेतकऱ्यांशी जुळलेली आहे आणि शस्त्र न धरण्याचा नियमही दोन्हींत सारखाच आहे.

जेकब असेच निवडलेले उपदेशक होते. ते उपदेश करीत तो जर्मन भाषेत. १८४७ साली रिबेका मॅटर हिच्याशी त्यांचे लग्न झाले. संसार मोठा झाला, चौदा मुले झाली. त्यांतली काही लहानपणीच गेली. एलिझाबेथव्हिलला जेकब यांनी नऊ खोल्यांचे घर बांधले. मंडळीला प्रार्थनेसाठी जमता यावे म्हणून घरातली मोठी जागा त्यासाठी ठेवली होती.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. जुलै १८६३ मधली गेटिसबर्गची घनघोर लढाई पेनसिल्व्हेनियातच झाली. त्यानंतर दोन महिन्यांनी जेकब यांच्या घरी डेव्हिड नावाचा मुलगा जन्मला. शस्त्र न धरणाऱ्या या लोकांची त्या काळात मोठी अडचण झाली. लष्करभरतीतून सूट मागायची तर सरकारदरबारी पंथाचे नाव हवे. म्हणून त्याच काळात त्यांनी ‘ब्रेदरन इन ख्राइस्ट’ असे नाव नोंदवले. युद्ध नको, पण गुलामगिरी मोडणाऱ्या अध्यक्ष लिंकन यांच्याविषयी मात्र मनात आदर होता. १८६५ साली जेकब यांना आणखी एक मुलगा झाला, त्याचे नाव त्यांनी अब्राहम लिंकन आयझेनहॉवर असे ठेवले.

भरला मळा सोडून

शेती चांगली, घर मोठे, मंडळीत मान. मग पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने हे सारे सोडून दीड-दोन हजार किलोमीटरवर का जावे? याचे उत्तर आपल्या शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको. मुले मोठी होत होती. शंभरेक एकरांची वाटणी झाली असती तर प्रत्येकाच्या वाट्याला तुकडाच आला असता. शेजारी जमीन घ्यावी तर भाव न परवडणारा. कॅन्ससमध्ये मात्र त्याहून कितीतरी स्वस्त भावाने सपाट, खोल मातीची जमीन मिळत होती. १८६२ च्या कायद्याने सरकार वसाहत करणाऱ्याला १६० एकर जमीन देत होते. रेल्वे कंपन्याही त्यांना मिळालेल्या लोहमार्गालगतच्या जमिनी विकण्यासाठी गावोगाव जाहिराती करीत होत्या.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. कॅन्ससची ती जमीन ‘रिकामी’ म्हणून विकली जात असली तरी ती रिकामी नव्हती. कॉ या आदिवासी जमातीचा तो पिढ्यान्‌पिढ्यांचा मुलूख होता. कॅन्सस हे नावही त्यांच्यावरूनच पडले. करारामागून करार करून त्यांचा मुलूख कमी करत नेला आणि १८७३ साली उरल्यासुरल्या लोकांनाही दक्षिणेकडे, आजच्या ओक्लाहोमात, हलवण्यात आले. धरणात गाव गेलेल्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

नदीकाठच्या बंधूंनी स्थलांतर केले ते एकेकट्याने नव्हे. आधी माणसे पाठवून जमीन पाहिली, माती पाहिली, पाण्याची चौकशी केली. मग १८७८ साली अख्ख्या मंडळीच्या मंडळ्या आगगाडीने निघाल्या. नांगर, अवजारे, घरसामान असे सारे मिळून मालाचे पंधरा डबे भरले आणि सर्वांच्या जवळची रोकड पाच लाख डॉलरच्या घरात होती, असे त्या वेळचे वर्णन आहे. जेकब यांनी आपले घर आणि शेत साडेआठ हजार डॉलरना विकले होते. गाडी थांबली ती डिकिन्सन जिल्ह्यातल्या ॲबिलीन गावी. सात-आठ वर्षांपूर्वीपर्यंत हे गाव टेक्सासहून हाकत आणलेल्या गुरांच्या बाजारासाठी आणि बंदुका मिरवणाऱ्या गुराख्यांच्या दंग्यांसाठी प्रसिद्ध होते. त्याच गावात आता दाढीवाले, काळ्या टोप्यांचे, दारूला न शिवणारे शेतकरी उतरले.

जेकब यांनी गावाच्या आग्नेयेला १६० एकर जमीन घेतली. वडीलधाऱ्या रिबेकाबाईंना नऊ खोल्यांच्या घरातून निघून, घर उभे राहीपर्यंत उघड्या माळावर चूल मांडावी लागली.

माळ फोडताना

कॅन्ससचा तो माळ आपल्या माळरानासारखा मुरमाड नाही. माती काळसर आणि खोल. पण वर शेकडो वर्षांच्या गवताच्या मुळांचे जाळे इतके दाट होते की साध्या नांगराचा फाळ त्यात शिरत नसे. पोलादी नांगराने गवताचे थर उलथावे लागत. फोडलेल्या पहिल्या वर्षी बहुधा मका टोकायचा. मुळे कुजली, माती मोकळी झाली की पुढच्या वर्षापासून गहू. झाडे फक्त ओढ्या-नदीच्या काठाला. त्यामुळे सरपण आणि इमारती लाकूड दुर्मिळ. कुंपणाला लाकूड नाही म्हणून काटेरी तार आली. पाणी खोल म्हणून विहिरीवर पवनचक्की उभी राहिली. माळावर वारा सतत वाहणारा, तेव्हा बैल न जुंपता पाणी वर येई.

संकटेही कमी नव्हती. ही मंडळी येण्याच्या चार वर्षे आधी, १८७४ साली, टोळधाडीने कॅन्ससमधले उभे पीक फस्त केले होते. उन्हाळ्यात गरम वारे, हिवाळ्यात बर्फाची वादळे. जानेवारी १८८६ च्या वादळात तर राज्यात असंख्य गुरे गोठून मेली.

पण एक गोष्ट शेतकऱ्यांच्या बाजूने होती, ती म्हणजे हिवाळी गहू. टी. सी. हेन्री नावाच्या गृहस्थाने ॲबिलीनच्या परिसरात नदीकाठी शेकडो एकर हिवाळी गहू पेरून दाखवला होता. १८७४ साली रशियाच्या दक्षिण भागातून आलेल्या मेनोनाइट शेतकऱ्यांनी ‘टर्की रेड’ नावाचे लाल, कठीण दाण्याचे वाण कॅन्ससमध्ये आणले. हे मेनोनाइटही शस्त्र न धरणारेच. हा गहू सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरायचा. उगवून आला की तो बर्फाखाली झोपतो, वसंतात पुन्हा उठतो आणि जून-जुलैत कापणीला येतो. कडक ऊन पडण्याआधीच पीक हाती लागते. आपला रब्बीचा गहू थंडीवर पोसतो, तो मात्र बर्फाखालून निघतो. ज्या वाणाने कॅन्ससला गव्हाचे कोठार बनवले ते हेच.

जेकब यांची शेती या गव्हावर आणि दूधदुभत्यावर उभी राहिली. घर झाले, मोठा गोठा झाला, पवनचक्की फिरू लागली. मंडळीने बेल स्प्रिंग्ज येथे प्रार्थनाघर बांधले आणि जेकब पूर्वीप्रमाणे तिथे उपदेश करू लागले. ज्यासाठी ते इतक्या लांब आले ती गोष्टही त्यांनी साधली. प्रत्येक अपत्याच्या लग्नात त्यांनी १६० एकर जमीन आणि दोन हजार डॉलर रोख देण्याचे ठरवले. मुलगा असो की मुलगी, वाटा सारखाच. आपल्या महाराष्ट्रात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क कायद्याने मिळाला तो १९९४ साली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दाढीवाल्या उपदेशकाचे मोल कळते.

लेकाचे मन शेतीत नव्हते

आणि इथेच घराण्याच्या गोष्टीला वळण लागले. पुत्र डेव्हिड याला शेतीचा मनापासून कंटाळा होता. यंत्रे हीच त्याची आवड. त्याने लेकॉम्प्टनच्या लेन विद्यापीठात शिकायला जायचा हट्ट धरला. बापाला ते पसंत नव्हते, तरी त्यांनी जाऊ दिले.

तिथे डेव्हिडला आयडा स्टोव्हर भेटल्या. व्हर्जिनियातल्या या मुलीची आई ती पाच वर्षांची असतानाच वारली आणि काही वर्षांत वडीलही गेले. नातेवाइकांच्या घरी वाढलेल्या आयडाबाईंनी वारशाचे थोडे पैसे हाती येताच एकटीने कॅन्सस गाठले, ते शिकण्यासाठी. त्या पैशांतून त्यांनी एक पियानो घेतला आणि तो जन्मभर सांभाळला. २३ सप्टेंबर १८८५ रोजी, डेव्हिडच्या बाविसाव्या वाढदिवशी, दोघांचे लग्न झाले.

जेकब यांनी शब्दाप्रमाणे जमीन आणि पैसे दिले. डेव्हिडने काय केले? जमीन मेहुण्याकडे गहाण टाकली आणि त्या पैशांतून होप नावाच्या खेड्यात भागीदारीत किराणा-कापडाचे दुकान थाटले. होप म्हणजे आशा. पण गिऱ्हाईक सारे शेतकरी. सुगी झाली की पैसे देऊ, या बोलीवर उधारी चाले. पुढे गव्हाचे भाव पडले, पाऊस हुकला, उधारी थकली आणि १८८८ साली दुकान बुडाले. वडिलांनी दिलेली जमीन हातातून गेली ती गेलीच.

घरात पुढे अशी गोष्ट सांगितली जाई की भागीदार पैसे घेऊन पळाला, म्हणून दुकान बुडाले. नातवंडे हेच ऐकत वाढली. पुष्कळ वर्षांनी अभ्यासकांनी जिल्ह्याची जुनी कागदपत्रे आणि वर्तमानपत्रे तपासली, तेव्हा निराळेच निघाले. भागीदारी १८८६ सालीच रीतसर मोडली होती आणि त्यानंतर डेव्हिडने भावाला सोबत घेऊन दुकान चालवले होते. घरातल्या गोष्टीत दोष बहुधा बाहेरच्या माणसाच्या पदरात पडतो. हे काही आपल्याकडेच होते असे नाही.

लोण्याच्या कारखान्याने हात दिला

दुकान गेल्यावर डेव्हिड टेक्सासमधल्या डेनिसनला रेल्वेत मजुरी करायला गेला. रुळांच्या शेजारच्या घरात, १४ ऑक्टोबर १८९० रोजी, तिसरा मुलगा ड्वाइट जन्मला. नऊ जणांच्या कुटुंबात वाढायला शिकणारे हे पोर पुढे काय होणार, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

त्यांना परत आणले ते मंडळीने. नदीकाठच्या बंधूंनी १८८० च्या दशकात बेल स्प्रिंग्ज येथे स्वतःचा लोणी काढण्याचा कारखाना सुरू केला होता. आसपासच्या शेतकऱ्यांची साय गोळा करायची, लोणी काढायचे आणि रेल्वेने शहरांत पाठवायचे. एकेकट्याच्या घरच्या लोण्याला व्यापारी देईल तो भाव. सगळ्यांचे एकत्र, एका दर्जाचे लोणी निघाले की त्याला शहराचा भाव मिळतो. आणंदला १९४६ साली जो विचार रुजला आणि पुढे आपल्या गावोगावच्या दूध सोसायट्यांत आला, त्याच जातीचा हा विचार. गहू वर्षातून एकदा पैसा देतो, दूध रोज देते. गव्हाचे भाव पडले त्या वर्षांत कॅन्ससच्या किती घरांना गाईनेच तारले.

कारखान्याचा कारभार डेव्हिडच्या मेहुण्याकडे होता. त्याने डेव्हिडला यंत्रांच्या देखभालीची नोकरी दिली. पगार महिन्याला पन्नास डॉलरपेक्षा कमी. कुटुंब ॲबिलीनला परतले तेव्हा जवळ चोवीस डॉलर होते असे सांगतात. डेव्हिडने पुढची वीस वर्षे तिथेच काढली, आणि उधारीचा धसका घेतलेल्या त्या माणसाने नंतर कधी कोणाचे कर्ज केले नाही.

तीन एकरांतले सहा मुलगे

१८९८ साली डेव्हिडचा भाऊ अब्राहम याने आपले ॲबिलीनमधले घर या कुटुंबाला दिले. अब्राहम हा जनावरांचा डॉक्टर. घराला लागून तीन एकर जमीन आणि मोठा गोठा होता. बोली एकच, म्हाताऱ्या वडिलांना सांभाळायचे. रिबेकाबाई आधीच वारल्या होत्या. अशा रीतीने १६० एकरांच्या धन्याला शेवटचा आधार मिळाला तो त्याच मुलाच्या घरी, ज्याने दिलेली जमीन घालवली होती.

घरात सहा मुलगे वाढले. सातवा, पॉल, दहा महिन्यांचा असतानाच घटसर्पाने गेला होता. त्या दुःखानंतर डेव्हिड आणि आयडाबाई बायबल स्टुडंट्स या दुसऱ्या पंथाकडे वळले. पण रोजची प्रार्थना, बायबलवाचन आणि शस्त्राचा तिटकारा तसाच राहिला.

तीन एकरांत दोन गाई, कोंबड्या, डुकरे, फळझाडे आणि भाजीचा मळा होता. आयडाबाईंची कामांची पाळी ठरलेली असे. पहाटे चूल पेटवणे, धारा काढणे, भांडी, धुणे ही कामे मुलांमध्ये आळीपाळीने फिरत. मुलगी नाही म्हणून घरकाम अडले नाही, मुलग्यांनीच ते केले. प्रत्येकाला भाजीसाठी जमिनीचा एक तुकडा दिलेला असे. ड्वाइट आपल्या तुकड्यात मका आणि काकडी लावी. त्याने हिशेब केला होता की गावात याच दोन भाज्यांना गिऱ्हाईक जास्त. हातगाडीवर भाजी घालून रेल्वेरुळांपलीकडच्या सधन वस्तीत तो विकायला जाई. बायका काकडी दाबून पाहत, भाव पाडून मागत. तो अपमान त्याला म्हातारपणापर्यंत आठवत होता. बाजारात माळवे घेऊन बसणाऱ्या आपल्या मुलांना तो चांगलाच ओळखता येईल.

जेकब १९०६ साली, एकोणऐंशी वर्षांचे होऊन वारले. त्या वेळी ड्वाइट पंधरा वर्षांचा होता.

शस्त्र न धरणाऱ्या घरातला सेनापती

शाळा संपल्यावर ड्वाइट आणि त्याचा मोठा भाऊ एडगर यांनी आपसात ठरवले की एकाने कमवायचे आणि दुसऱ्याने शिकायचे. ड्वाइट दोन वर्षे लोण्याच्या कारखान्यात राबला, बर्फाच्या लाद्या ओढल्या, भट्टी पेटवली, रात्रपाळी सांभाळली आणि भावाची फी भरली. स्वतःच्या शिक्षणाला पैसे उरले नाहीत. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिक्षण फुकट मिळते असे कळले. परीक्षा देऊन तो १९११ साली तिथे गेला.

आईच्या मनाचे काय झाले असेल? युद्ध हे पाप आहे असे त्या जन्मभर मानत आल्या होत्या. त्यांनी मुलाला अडवले नाही. त्याला निरोप दिला, घरात आल्या आणि रडल्या. धाकट्या मिल्टनने त्या दिवशी आईला पहिल्यांदा रडताना ऐकले.

पुढचे जगाला ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात ड्वाइट आयझेनहॉवर युरोपातील दोस्त सैन्यांचे सरसेनापती झाले. मार्च १९४२ मध्ये वडील वारले तेव्हा युद्धखात्याच्या कामातून त्यांना मातीलाही जाता आले नाही. जून १९४५ मध्ये ते विजयी होऊन ॲबिलीनला आले तेव्हा आई होती. सप्टेंबर १९४६ मध्ये तीही गेली. १९५३ ते १९६१ ही आठ वर्षे ते अमेरिकेचे अध्यक्ष होते.

उपदेशक आजोबांचे काय उरले होते नातवात? अध्यक्ष झाल्यावर तीनच महिन्यांनी, १६ एप्रिल १९५३ रोजी, त्यांनी एक भाषण केले. प्रत्येक बंदूक म्हणजे भुकेल्याच्या तोंडातून काढलेला घास आहे, असा त्याचा आशय होता. एका लढाऊ विमानाची किंमत त्यांनी मोजून दाखवली ती गव्हात, पाच लाख बुशेल. आपल्या मापाने ते सुमारे एक लाख छत्तीस हजार क्विंटल होतात. सेनापती डॉलरमध्ये बोलला असता. गव्हात बोलला तो कॅन्ससच्या शेतकऱ्याचा नातू. तरीही त्यांच्या काळात अमेरिकेची शस्त्रे वाढतच गेली, हेही तितकेच खरे.

तो गहू आपल्या दारापर्यंत

१९५० च्या दशकात कॅन्ससमध्ये गहू इतका पिकू लागला की सरकारी कोठारे भरून वाहू लागली. तो साठा परदेशी, तिथल्याच चलनात विकण्याचा कायदा आयझेनहॉवर यांनी १० जुलै १९५४ रोजी मंजूर केला. तोच आपल्या तोंडी बसलेला ‘पीएल ४८०’. भारताशी पहिला करार १९५६ साली झाला. डिसेंबर १९५९ मध्ये आयझेनहॉवर स्वतः दिल्लीला आले आणि जागतिक कृषी प्रदर्शनातल्या अमेरिकेच्या दालनाचे उद्‌घाटन त्यांनी केले. त्याआधी, १९५६ साली, पंडित नेहरू त्यांच्या गेटिसबर्गच्या शेतावर पाहुणे होते. मे १९६० मध्ये चार वर्षांत एक कोटी साठ लाख टन गहू आणि दहा लाख टन तांदूळ देण्याचा मोठा करार झाला. त्यावर भारताच्या बाजूने सही केली ती आपल्या कोकणातले अन्नमंत्री स. का. पाटील यांनी.

या गव्हाने साठच्या दशकातल्या दुष्काळांत लाखो लोकांना जगवले, यात शंका नाही. १९६६ साली तर देशात सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आले. पण त्याची दुसरी बाजूही आपल्या शेतकऱ्याने भोगली. स्वस्त परदेशी गव्हामुळे इथल्या गव्हाचा भाव दबला आणि जहाज येईल तेव्हा शिधा मिळेल अशी देशाची स्थिती झाली. हा कायदा काही नुसती दानत नव्हता, कॅन्ससच्या शेतकऱ्याचा साठा खपवण्याची सोयही होती. शेतात उच्छाद मांडणारे गाजरगवतही या गव्हाबरोबर आले असे लोक म्हणतात. पुण्यात मात्र ते १९५५ सालीच आढळले होते, म्हणजे पहिल्या कराराच्या आधी. पुढे १९७२ च्या दुष्काळात आलेली अमेरिकेची लाल ज्वारी, ती ‘मिलो’, आज साठी ओलांडलेल्या कोणाला आठवत नाही? त्या भाकरीची चव अजून जिभेवर असेल.

याच घराचा आणखी एक धागा आपल्याशी जुळतो. धाकटा मिल्टन अमेरिकेच्या शेतीखात्यात माहिती विभागाचा प्रमुख होता. पुढे तो आधी कॅन्सस राज्य विद्यापीठाचा आणि मग पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. तो तिथून गेल्यानंतर, साठच्या दशकात, भारतात कृषी विद्यापीठे उभी राहू लागली. तेव्हा आंध्रच्या मदतीला कॅन्ससचे विद्यापीठ आले आणि महाराष्ट्राच्या मदतीला पेनसिल्व्हेनियाचे.

जमीन आणि घराणे

सहा भावांपैकी शेती कोणीच धरली नाही. एक बँकेत गेला, एक वकील झाला, एकाने औषधांचे दुकान काढले. जेकब यांनी मुलांसाठी एवढ्या लांब येऊन मिळवलेली जमीन डेव्हिडच्या शाखेत एक पिढीही टिकली नाही. म्हणून त्यांचे श्रम वाया गेले का? ज्यांच्या घरी मुले पुण्या-मुंबईला आहेत आणि बांधावर म्हातारी माणसे आहेत, त्यांच्या मनात हा प्रश्न रोज असतो. जेकब यांनी जमीन दिली आणि जमीन सोडून जाण्याची मोकळीकही दिली. जमीन गेल्यावर कामाला आले ते त्यांनी आणि मंडळीने जोडलेले दुसरे धन. बुडालेल्याला कामावर घेणारा कारखाना, म्हाताऱ्याला सांभाळण्याच्या बोलीवर घर देणारा भाऊ आणि भावाच्या फीसाठी रात्रपाळी करणारा भाऊ. आणि मातीची ओढ तरी पुरती कुठे सुटते? ड्वाइट यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे म्हणून घर घेतले ते १९५० साली, गेटिसबर्गला, पेनसिल्व्हेनियातल्या १८९ एकरांच्या शेतासकट. थकलेली ती माती सुधारून, घेतली त्याहून चांगली करून मागे ठेवायची, असे ते म्हणत. १९६९ साली ते वारले आणि ॲबिलीनला, तीन एकरांच्या त्या जुन्या घरासमोरच्या जागेत त्यांना माती मिळाली.

वाचकहो, ही हकिकत इतकी तपशीलवार सांगता आली याचे कारण कोणी ना कोणी ती लिहून ठेवली. जमिनीचे कागद जपले, पत्रे जपली, जुनी वर्तमानपत्रे जपली. आपल्या घराण्यातही असा एखादा जेकब असणारच. घरातली जुनी माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा. विहीर कोणत्या साली पाडली, कोणते वाण पेरत होते, सोसायटीचे कर्ज कधी काढले, कोण कुठे गेले, कोणाचे कोणाशी का बिनसले, हे एका वहीत उतरवा. जुने सातबारे आणि फेरफार त्यांच्याशी ताडून पाहा. कदाचित पळालेला भागीदार पळालेला नव्हता असेही निघेल.